पायाळूचा पाय

"काय पेतो म्हनता? माहा मालक काय पेतो?" काकू अशा ओरडल्या की त्या भल्यामोठ्या वॉर्डातले चाळीसही रोगी औषधावाचून उठून बसले. "पानी पेतो! चहा पेतो, तोही अर्धा कप! खोकल्याची बाटली आनली त हुंगून पायते, यात काई मिसळलं तर नाई ना म्हनून. अन् तुमी इचारता, रोज किती पेतो!"

तरणा डॉक्टर एक पाऊल मागं सरकला. मिशी त्याला त्याच आठवड्यात फुटली असावी. "बाई, या दुखण्यात सगळ्यांनाच विचारावं लागतं."

"सगळ्यांले इचारा! याले नका इचारू!"

खाटेवर बुवा पडले होते. म्हणजे काकूंचा मालक, आमचे शेजारी, इतवारीपलीकडच्या आमच्या मोहल्ल्यातले विणकर. गुडघे पोटाशी घेतलेले, नाकात रबराची नळी, तोंडाचा रंग न धुतलेल्या सुतासारखा. खाटेच्या पायथ्याशी आम्ही तिघं उभे होतो. त्यांतले दोघं कन्हानचे पाहुणे. बुवांच्या मुलीला बघायला ते त्याच सकाळी आले होते, एक मुलाचा मामा, दुसरा चुलता. 'पेतो' हा शब्द निघाला तसं मामानं चुलत्याकडं पाहिलं. मी जी. टी. एक्स्प्रेस धडधडत जाताना पाहिली आहे, पण ती नजर तिच्याहून वेगानं गेली आणि मधल्या एकाही स्टेशनावर थांबली नाही.

तिसरा मी. बुवांच्या त्या दुखण्याचं कारण त्या अख्ख्या वॉर्डात एकाच ठिकाणी होतं, माझ्या डाव्या चपलेत.

आता हे समजायचं तर माझ्या जन्मापासून सुरू करावं लागेल. पोर आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर येतं, त्याला पायाळू म्हणतात. मी पायाळू. माझं म्हणणं असं की मी आलो तोच उभा, आणि सुईणीला आधी दाराची दिशा विचारली. आई म्हणते, तू आलास तेव्हा निळा पडला होतास आणि तासभर रडला नाहीस. तिचं तिच्यापाशी.

पायाळूच्या पायाला गुण असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकता येईना, उठता येईना, की त्यानं पालथं पडायचं आणि पायाळूनं आपला डावा पाय त्याच्या पाठीला तीनदा लावायचा. उसण जाते. मला चालता येऊ लागल्यापासून आमच्या दारात माणसं पालथी पडत आली. इतवारीतले हमाल आले, आखाड्यातले पहिलवान आले. आमचे मास्तर दर रविवारी माझी लाथ खाऊन जायचे आणि सोमवारी तिची परतफेड छडीनं करायचे. आईनं मात्र मला एकच कायदा शिकवला होता. "पाय लावायचा, मारायचा नाही. देवानं तुले पाय देल्ला, हातोडा नाही देल्ला."

पाच वर्षांच्या पोराला तो कायदा पुरतो. पंचविशीच्या गड्याला नाही पुरत. त्या वेळी, सत्तर सालाच्या मागंपुढं, मी सीताबर्डीला एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवत असे. दिवसभर गिऱ्हाइकासमोर घडी मोडायची आणि हातासरशी एक कहाणी उलगडायची. ही साडी अमक्या राणीनं नेली, ही नेसून बाई विहिरीत पडली तरी रंग गेला नाही. जीभ सैल सुटली ती दुकान बंद झाल्यावरही सुटलेलीच राही. पायाच्या गोष्टीही अशाच वाढत गेल्या. त्यांतली सगळ्यांत गाजलेली म्हणजे हत्तीची. कस्तूरचंद पार्कवर सर्कस आली, हत्तीच्या पाठीत उसण भरली, डॉक्टर हरले, मालक रडत माझ्या दारी आला. मी शिडीवर चढलो, तिथून उडी मारून एक लाथ दिली. हत्ती उठला, सोंडेनं मला सलाम केला, आणि तेव्हापासून गावात कुठलाही हत्ती आला की मला बघून सोंड वर करतो.

हत्तीला मी आयुष्यात पाय लावलेला नाही. तिकीट काढून लांबून पाहिला होता, तोही बसलेला.

बुवा माझ्या अगदी उलट. बोलायला लागले तर दोन शब्द, आणि त्यांतला एक मागं घेतील असा माणूस. त्यांचा माग जमिनीतल्या खड्ड्यावर. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातानं धोटा फेकायचा. विणलेलं कापड ज्यावर गुंडाळलं जातं तो लाकडी दांडा बरोबर पोटाशी येतो. त्या दांड्याला टेकून तीस वर्षं बसलेला माणूस. गल्लीच्या तोंडाशी हातभट्टी सुरू झाली तर दोन मिनिटांचा रस्ता सोडून पाऊण मैलाचा वळसा घालून बाजाराला जायचे. वैद्यानं आसव दिलं, ते आंबवलेलं असतं म्हणून त्यांनी तुळशीत ओतलं. तुळस वाळली, तर म्हणाले, बघा.

मुलगी एकच. तिच्या हाताची किनार बघून माझा शेठ दुकानातला पंखा आपल्याकडून तिच्या साडीकडं वळवायचा. तिच्यासाठी कन्हानचं हे स्थळ बुवांनी दोन वर्षं खेपा घालून जुळवत आणलं होतं. मुलगा खाणीत कायम नोकरीवर, माणसं बरी, आणि आता फक्त पाहुण्यांनी घर बघून सुपारी फोडायची एवढंच उरलं होतं.

त्या दिवशी पाहुणे दहाच्या बसनं येणार होते. मुलीच्या हातची साडी मागावर होती, काठ तिनं विणलेला, पदराचं वीतभर काम राहिलेलं. पाहुण्यांना ती पुरी झालेली दाखवावी म्हणून बुवा पहाटेच खड्ड्यात उतरले. काम संपलं, उठायला गेले, आणि पाठीत अशी उसण भरली की माणूस दांड्यावर ओणवा तो ओणवाच. ना वर येई ना खाली बसे. काकूंनी मला हाक मारली.

मी गेलो तो मोहल्ल्यातली पाच-सहा मंडळी खिडकीशी जमलेली. मुलगी आत पाटवड्या थापत होती. बुवा दांड्यावर वाकलेले, मान तेवढी वळवून म्हणाले, "पायाळ्या, पाय लाव गा लवकर. पाहुन्यायसमोर मले सरळ उभं राहू दे."

"पालथे पडा, बुवा."

"पडता आलं असतं त तुले बोलावलं असतं काय?"

खिडकीत हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "हत्तीवाली मार गा!" दुसरा म्हणाला, "हत्तीवाली, हत्तीवाली!" आणि मी, ज्याच्याकडं हत्तीवाली नावाची लाथच नव्हती, तो मी, माणसाची पाठ बघायची सोडून खिडकी बघत होतो. भिंतीला लागून सुताची लाकडी पेटी होती. मी तिच्यावर चढलो. आईचा कायदा मला त्या क्षणी आठवला, हे लिहिताना शरम वाटते. आठवला नसता तर बरं झालं असतं. आठवला, आणि मी तो बाजूला ठेवला. उडी मारली. सगळा भार टाचेवर घेऊन बुवांच्या पाठीच्या मधोमध उतरलो.

फुटबॉलमधून हवा जावी तसा बुवांच्या तोंडून आवाज निघाला. दांडा कडाडला. आणि मग बुवा हळूहळू, ताठ, सरळ उभे राहिले. "गेली," म्हणाले. खिडकीत टाळ्या पडल्या. काकूंनी माझ्या पायाला कुंकू लावलं.

फक्त माझ्या टाचेला एक गोष्ट समजली होती. पाठ जिथं थांबायला हवी तिथं थांबली नव्हती. ती पार लाकडापर्यंत गेली होती.

पाहुणे आले. बुवांनी स्वतः पाटवडीचा रस्सा वाढला. मी पंगतीत पाहुण्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांना हत्तीची गोष्ट ऐकवली, त्या दिवशी सोंडेच्या सलामानंतर हत्तीच्या डोळ्यांत पाणीही आणलं. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. "बुवा," तो म्हणाला, "मोहल्ला भारी आहे गा तुमचा!" साडी दाखवली गेली. चुलत्यानं काठ बोटांत धरून बघितला आणि मान डोलावली. सुपारीचं ताट आणायला काकू उठल्या.

तेवढ्यात बुवा वाढता वाढता खाली बसले. घामानं सदरा पाठीला चिकटला. म्हणाले, बेंबीच्या वर कुणी खुंटी ठोकली अन् ती पाठीतून काढून राहिलं. मग ओकले, पाहुण्यांच्या पानांसमोर. पाहुण्यांचा तेव्हा दोष नव्हता. त्यांनीच रिक्षा थांबवली, त्यांनीच बुवांना उचलून आत बसवलं, आणि आम्ही सगळे सरकारी दवाखान्यात येऊन पोहोचलो. सुपारीचं ताट चुलीपाशीच राहिलं.

तर काकूंचं ओरडणं संपल्यावर त्या तरण्या डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला टेकून एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. अन्न पचवणारा रस ती करते. तिला सूज आली की तो रस तिलाच जाळायला लागतो. "याची मोठी कारणं दोनच, बाई. पित्ताच्या पिशवीतले खडे, नाहीतर दारू. बाकीची क्वचितच."

"मंग खडेच असतीन."

"असतील. बघू." आणि मग तो बोटांवर मोजत क्वचितची कारणं विचारायला लागला. परीक्षेला पाठ केलेली, ताजी ताजी असावीत. "पोटात जंत होतात? एखादा वर चढून नळीत अडकतो. घरात कुणाला गालफुगी झाली होती? विंचू चावला? पोटावर मार लागला? सायकलचं हँडल, बैलाचं शिंग, कुठं पडलेबिडले?"

बुवांनी उशीवर मान हलवली. नाही. आणि ते खोटं बोलत नव्हते. पायाळूचा पाय हा त्यांच्या लेखी मार नव्हताच. ते औषध होतं. औषध घेतलं का, असं विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

डॉक्टर माझ्याकडं वळला. "तुम्ही शेजारी ना? सकाळी काही लागलं होतं का यांना?"

मी एका साडीवर अर्धा तास बोलणारा माणूस. माझ्या जिभेवर हत्ती पाळलेला. आणि मी म्हणालो, "नाही."

माझ्या सगळ्या आयुष्यातली ही सगळ्यांत छोटी गोष्ट, आणि तिच्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला.

का म्हणालो? पोलिसांची भीती वाटली असेल. माणूस मेला तर काय, असंही वाटलं असेल. पण खरं सांगायचं तर, आज सांगायला काय जातं, मला खिडकीतल्या टाळ्या परत द्यायच्या नव्हत्या.

मामा खाकरला. "आमची बस आहे," म्हणाला. काकू त्यांच्या मागं वॉर्डाच्या दारापर्यंत धावल्या. "पाहुने, आयका ना, हे पेत नाईत हो!" चुलता हळूच म्हणाला, "डाक्टर उगीच काहून इचारल, बाई?"

तिसऱ्या दिवशी बुवांच्या पोटावर निळीजांभळी रेघ उमटली, फूटपट्टीनं आखावी इतकी सरळ. डॉक्टरनं विचारलं, ही कशाची? बुवा म्हणाले, "मागाच्या दांड्याची. तीस वर्षं टेकून बसतो, साहेब." डॉक्टरचं समाधान झालं. मी खाटेशी उभा राहून मोसंबी सोलत होतो. सोलून सोलून नुसता चोथा उरला, तरी सोलत होतो.

मग खड्यांची वाट बघणं सुरू झालं. माणसं खडा निघू नये म्हणून देवाला साकडं घालतात. काकूंनी रामटेकच्या रामाला नवस केला, एक खडा निघू दे. बारका चालल, ज्वारीच्या दाण्याएवढा, पण निघू दे. खडा निघाला असता तर तो डबीत घालून त्या स्वतः कन्हानला घेऊन जाणार होत्या, मामाच्या हातावर ठेवायला. बुवांना उतार पडल्यावर डॉक्टरांनी गोळ्या देऊन पित्ताच्या पिशवीचा फोटो काढला. पिशवी घासलेल्या तांब्यासारखी लख्ख. एक कण नाही.

"काकू, चांगली बातमी आहे," डॉक्टर म्हणाला. काकूंनी तोंडाला पदर लावला आणि भिंतीकडं वळल्या. मोठी कारणं दोन, त्यांतलं एक गेलं. उरलेलं कोणतं, हे आमच्या मोहल्ल्यात चौथीच्या पोरालाही वजाबाकी करून सांगता येत होतं. आठवड्यानं कन्हानचा निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण पिणाऱ्याच्या घरी सोयरीक नको.

तो निरोप ऐकून मी दुकानातून सुट्टी घेतली आणि कन्हानची बस धरली. एवढं तरी माझ्या नावावर मांडा. वाटेत एकदाही मी शेजाऱ्याशी बोललो नाही, असा माझा दुसरा प्रवास नाही. मामाच्या ओसरीवर उभा राहून मी सगळं सांगितलं. पेटी, उडी, टाच, दांडा, वॉर्डातलं 'नाही'. एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. जन्मात पहिल्यांदा गोष्ट होती तेवढीच सांगितली.

मामा ऐकत राहिला, आणि मग हसायला लागला. त्या दिवशी पंगतीत हसला होता तसाच.

"म्हणजे तुमच्या लाथेनं हत्ती उभा झाला," तो म्हणाला, "अन् बुवा आडवा झाला? एक काहीतरी ठरवा, गा."

"हत्तीचं खोटं होतं, मामा."

"अन् हे खरं?"

"हे खरं."

"बुवांनी पाठवलं ना तुमाले?" आता तो हसत नव्हता. "त्यांले सांगा, माणूस पाठवायचा त जरा बरा पाठवावा." आणि तरी त्यानं मला चहा दिला. कन्हानचे लोक वाईट नव्हते, हे मी परत सांगतो.

पुढं काही महिन्यांनी बुवांच्या पोटात वर नारळाएवढा फुगा आला. सुजलेल्या ग्रंथीतला रस साचून असा फुगा होतो म्हणे. मी नारळाएवढा म्हणालो, तो नारळाएवढाच होता, इथं वाढवलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, बुवा वाचले. पण खड्ड्यात बसून दांड्यावर पोट टेकवणं सुटलं ते कायमचं. मुलगी मागावर बसली. पुढं दोन-तीन स्थळं आली, प्रत्येकानं मोहल्ल्यात चौकशी केली, आणि कुणीतरी प्रत्येकाला वजाबाकी करून दाखवली. ती बसली ती बसलीच. मी पाय लावणं सोडलं. कुणी दारात पालथं पडलं तर मी मागच्या दारानं दुकानात जायचो. लोक म्हणत, पायाळ्याले माज चढला आहे.

बुवांना मात्र मी सांगितलं नाही. एका माणसाला खरं सांगून पाहिलं होतं, ते वाया गेलं, असं मी स्वतःला समजावत राहिलो. अशी दहा-बारा वर्षं गेली.

एकदा दुपारी मी त्यांच्याकडं साड्या न्यायला गेलो होतो. बुवा भिंतीला टेकून चरख्यावर कांड्या भरत होते, जे काम पूर्वी काकू करायच्या. काकू गेल्याला वर्ष झालं होतं. मुलगी पाठमोरी, खड्ड्यात. धोटा खटाखट चाललेला. बुवांनी चरखा थांबवला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "पायाळ्या, तू दुकानात बसते, चार लोकायत हिंडते. मले एक सांग. मले न समजता कोनी पाजली असन काय गा? चहात-बिहात?"

मी घडी घातलेली साडी मोडून परत घडी घातली.

"मी लय इचार केला," ते म्हणाले. "पेलो नाही हे मले मालूम आहे. पन डाक्टर शिकलेला. खडा नाही निघाला. मंग पेलोच असन ना कधीतरी? झोपीत म्हन, कशात म्हन."

बारा वर्षं हा माणूस आपल्याच हातून आपल्याला न कळत काय झालं ते शोधत होता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. माझा डावा पाय मांडीखाली घेतला, म्हणजे दिसू नये. आणि सांगितलं. पेटीवर चढलो ते. आई काय म्हणायची ते. टाचेला काय समजलं ते. डॉक्टरनं मार लागला का विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते. "तुम्ही कधी पेले नाही, बुवा. तो मार होता. माझा होता. कन्हानचं स्थळ माझ्यापायी गेलं. ही मागावर बसली ती माझ्यापायी बसली."

मागे धोटा थांबला. मुलीनं मान वळवली नाही. बोटानं तुटलेला धागा शोधावा तसा तिनं ताण्यावरून हात फिरवला, कुठंच काही तुटलेलं नव्हतं. मग परत खटाखट सुरू झालं.

बुवांनी चरख्याची दांडी धरली. माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मांडीकडं, जिथं तो पाय लपवला होता.

"उसन मात्र गेली होती," ते म्हणाले.